पुढं उतार हाय

गाडी कुठंही उभी करायची झाली की आमचे ड्रायव्हरमामा आधी शर्टाच्या खिशातून एक अख्खी सुपारी काढायचे. गोल गरगरीत, बाजारातून निवडून आणलेली. खाली वाकून ती जमिनीवर ठेवायची आणि कमरेवर हात देऊन तिच्याकडे बघत राहायचं. सुपारी घरंगळली की मामांचा चेहरा खुलायचा. "हां, इथं जमतंय," असं म्हणत सुपारी उचलून खाकी पँटला पुसायची, परत खिशात टाकायची आणि जीप नाक खाली करून बरोब्बर तिथं लावायची. सुपारी जागची हलली नाही तर मात्र पंचाईत. मग साहेबांची मीटिंग तहसील कचेरीत का असेना, जीप दोन फर्लांग पुढं, उतार सापडेल तिथं उभी राहायची आणि साहेबांना उन्हात तिथवर चालत जावं लागायचं.

कारण साधं होतं. त्या जीपचा सेल्फ कधी मेला हे मामांनाही आठवत नव्हतं. हँडल मारून ती चालू व्हायची, पण हँडल मारायला मामांना कमीपणा वाटायचा. "हँडल मारणं म्हंजे गाडीला शिवी देणं हाय, भाऊसाहेब," ते मला म्हणत. उतारावरून सोडायची, जरा वेग आला की क्लच सोडायचा, जीप एकदा शिंकायची आणि चालू. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, कोणत्या कचेरीपुढं, कोणत्या शाळेमागं, कोणत्या बाभळीखाली किती उतार आहे हे मामांना तोंडपाठ होतं. नव्या जिल्ह्याचा नकाशा ज्यांनी काढला त्यांना त्याच्या सीमा माहीत असतील, पण त्याचे चढउतार मामांइतके कुणालाच माहीत नव्हते.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. दोन भाऊ वेगळे निघाले की थोरला धाकट्याच्या वाटणीला काय घालतो, हे तुम्ही आपल्या घरात पाहिलं असेलच. आमच्या कचेरीच्या वाटणीला डुगडुगत्या खुर्च्या आल्या, कुलूप न लागणारं एक कपाट आलं, ही जीप आली आणि जीपबरोबर मामा आले. कचेरी एका भाड्याच्या घरात. नवे कागद छापून यायला वेळ होता, म्हणून जुन्या जिल्ह्याचं नाव पेनानं खोडून वर रबरी शिक्क्यानं 'लातूर' असं उमटवायचं काम माझ्याकडे. मी मूळचा नांदेडचा, बढती लवकर मिळेल म्हणून इकडे आलेला कारकून. वाहनांची फाईलही माझ्याकडेच होती. वाहनं म्हणजे तेवढं एकच.

आणि नेमका तेव्हाच दुष्काळ. मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. आमचं खातं पिण्याच्या पाण्याचं, त्यामुळे कुठल्या गावाला टँकर पोचला, कुठल्या विहिरीला किती पाणी उरलं, हे बघायला साहेबांना रोज फिरावं लागे. फिरती तिप्पट झाली आणि पेट्रोलचा कोटा मात्र सुकाळात होता तेवढाच राहिला. वर भाव सारखा चढत होता. दुसऱ्या खात्यांच्या गाड्या वीस तारखेलाच झाडाखाली उभ्या राहायच्या. आमची म्हातारी महिनाअखेरपर्यंत फिरायची, आणि त्याचं सगळं श्रेय मामांच्या कंजूषपणाला होतं.

कंजूषपणा म्हणजे कसा, सांगतो. उतार लागला की मामा इंजिन बंद करायचे. रस्त्यात बैल आडवा आला तरी ब्रेकवर पाय ठेवताना त्यांच्या तोंडावर कळ उमटायची. "ब्रेक दाबला की पेट्रोल सांडलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वेग यायला पेट्रोल जाळायचं आणि मग तोच वेग ब्रेकनं मारायचा, हे त्यांना पाप वाटे. म्हणून ते थांबायच्या ठिकाणाआधी लांबूनच इंजिन बंद करत आणि जीप आपल्या मनानं हळूहळू येत कचेरीच्या पायरीपुढं थांबे. साहेबांचं दार बरोबर पायरीसमोर. वीतभर इकडं नाही की तिकडं नाही. आम्ही कारकून खिडकीतून पैज लावायचो आणि दरवेळी हरायचो.

चढ लागला की त्यांचं दुसरं वाक्य तयार असे. आमचे साहेब चांगले भरल्या अंगाचे. घाटाच्या पायथ्याला मामा जीप हळू करायचे आणि अदबीनं म्हणायचे, "साहेब, जरा पाय मोकळे करून घ्या." पहिल्यांदा साहेबांना वाटलं, काय काळजी आहे माणसाला आपली! ते उतरले, रुमालानं मान पुसत इकडं तिकडं बघेपर्यंत जीप पुढं निघून गेली आणि चढाच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. साहेब धापा टाकत वर पोचले तेव्हा मामा दार उघडून उभे. "सव्वाशे किलो, न्हाई म्हटलं तरी पाव लिटर वाचलं," असं ते माझ्या कानात पुटपुटले. साहेबांचं वजन शंभराच्या आतच होतं, पण पेट्रोलच्या बाबतीत मामा कुणाचंही वजन वाढवूनच धरत.

साहेब चिडले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. पण झालं भलतंच. निलंग्याकडच्या एका चढावर भर दुपारी साहेब टोपी घालून एकटेच चालताना गावकऱ्यांनी पाहिले आणि पुढच्या आठवड्यात इथल्या एका साप्ताहिकात बातमी आली. दुष्काळात पायी फिरून पाणी बघणारा अधिकारी! साहेबांनी ते कात्रण काचेखाली ठेवलं. त्यानंतर गाव जवळ आलं की तेच म्हणू लागले, "मामा, थांबवा जरा." मामा म्हणायचे, "साहेब, इथं तर सपाट हाय." साहेब म्हणायचे, "असू द्या, उतरतो." गाव नसलेल्या चढावर मात्र ते कुरकुरत उतरायचे.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना वरून पत्र आलं. जीप तपासायला औरंगाबादहून इंजिनिअर येणार होते. गाडी कंडम ठरली तर आम्हाला नवी डिझेलची जीप मिळणार, तिच्यासोबत नवा तरुण ड्रायव्हर येणार आणि मामांना गोदामावर राखणदार म्हणून बसवणार. पत्र मीच फोडलं आणि मीच मामांना वाचून दाखवलं. ते पानपट्टीच्या बाकड्यावर बसले होते. बराच वेळ सुपारी या हातातून त्या हातात करत राहिले.

"गाडी कंडम झाली की ड्रायव्हर बी कंडम," ते म्हणाले. "माझे अठरा महिने राहिले, भाऊसाहेब. अठरा महिने शिटावर बसू द्या मला. मंग गाडी जाळा, न्हाई तर भंगारात घाला. गोदामाच्या दारात बसून रिटायर व्हायचं न्हाई मला."

"पण मामा, नवी गाडी बरी नाही का? पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त पडतं."

"नवी गाडी पाव्हण्यावाणी असती. तिला काय चालतंय, काय बाधतंय, इचारत बसावं लागतंय. हिचं एक बी दुखणं मला नवं न्हाई. अन् डिझेल स्वस्त खरं, पण ती गाडी घ्यायला जो पैसा घालायला लागलेत त्यात ही म्हातारी अजून दहा वर्सं पेट्रोल पील."

तपासणीचा मुख्य भाग होता गाडी एका लिटरला किती चालते तो. इंजिनिअरसाहेब म्हणाले, औशाला जाऊन येऊ. मामा नम्रपणे म्हणाले, "औशाला कशाला साहेब? तुमाला माघारी जायला रेल्वे नांदेडहून हाय. नांदेडलाच सोडतो, वाटंत माप बी होईल. लांबचं माप खरं निघतंय." इंजिनिअरसाहेबांना ते पटलं. एस.टी.चा धक्का वाचणार होता.

आता मी नांदेडचा. गोदावरीच्या काठचा. लातूर वर पठारावर आणि नांदेड खाली नदीकाठी, हे मला शेंबडा असल्यापासून ठाऊक. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मामांनी खिशातली सुपारी काढली. ती रोजची, जमिनीवर ठेवायची सुपारी. अडकित्त्यानं कचाकच कातरली आणि मूठभर खांडं माझ्या तळहातावर ठेवली. "खावा भाऊसाहेब. सावकाश चघळा." मी काय ते समजलो. मामांनी ती सुपारी कातरलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. माणूस सगळं पणाला लावून बसला आहे, हे मला त्या खांडांवरून कळलं. मी ती तोंडात टाकली आणि अहमदपूर येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

निघण्याआधी मामांनी इंजिनिअरसाहेबांना घरचे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी असं पोटभर वाढलं होतं. टाकी रिकामी करून मोजून पेट्रोल भरलं आणि आम्ही तिघं निघालो; वाहनांची फाईल माझ्याकडे म्हणून मीही सोबत. ऊन, पोटात दही आणि जीपचं डुलणं. इंजिनिअरसाहेबांची मान चाकूरच्या आधीच छातीवर आली. पुढं उतार लागला. मामांनी अलगद इंजिन बंद केलं. नुसता वाऱ्याचा आवाज. जीप खाली खाली सरकत होती आणि मी मागं सुपारी चघळत बसलो होतो. त्या शांततेनंच असेल, इंजिनिअरसाहेबांनी अर्धवट डोळे उघडले.

"वा," ते म्हणाले. "इंजिनाचा आवाज अजिबात नाही."

"मेंटेनन्स हाय साहेब," मामा म्हणाले.

मला ठसका लागला. सुपारीचं खांड घशात अडकलं होतं, असं मी नंतर सांगितलं.

नांदेड स्टेशनच्या आवारात टाकीत उरलेलं पेट्रोल काढून मोजलं तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी दोनदा गणित केलं. मग फलाटावरच्या बाकावर बसून अहवाल लिहिला. गाडी जुनी असली तरी सुस्थितीत आहे, इंधनाचा वापर समाधानकारक आहे, इंजिन विशेष शांत आहे. 'विशेष' या शब्दाखाली त्यांनी रेघही मारली. रेल्वे सुटेपर्यंत मामा हात जोडून फलाटावर उभे होते.

आम्ही गडगडाट करून हसलो आणि मग पंपावर गेलो. परतीचं पेट्रोल तिथं भरायचं होतं. पंपावरच्या माणसानं मी दिलेली पेट्रोलची सरकारी चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. जुन्या जिल्ह्याचं नाव खोडलेलं, वर माझाच वाकडा शिक्का. "हा कंचा जिल्हा?" तो म्हणाला. "असा जिल्हा आमच्या वहीत न्हाई. खाडाखोड केलेली चिठ्ठी चालत न्हाई." मी माझ्या गावात, माझ्याच हातच्या शिक्क्यापायी खोटा ठरलो. खिशात होते तेवढ्या पैशांचं पेट्रोल घेतलं आणि निघालो. येताना जो सगळा उतार होता, तो आता चढ होऊन समोर उभा होता. लोहा मागं टाकलं आणि जीप दोनदा शिंकून बंद पडली.

दुपारचे दोन. लोह्याला परत चालत जायचं, ओळखीच्या एका दुकानदाराकडून उसने पैसे घ्यायचे, डबा भरून आणायचा. सगळं केलं. परत येताना डब्यानं हाताला रग लागली. रस्त्यानं बाया डोक्यावर दोन दोन घागरी घेऊन चालल्या होत्या. मी सहज म्हणालो, "मामा, डोक्यावर घ्या की. सोपं जाईल."

मामा थांबले. डबा खाली ठेवला.

"डोक्यावर न्हाई घेणार, भाऊसाहेब."

मला वाटलं, थट्टाच करताहेत. पण त्यांचा चेहरा तसा नव्हता.

"निजामाच्या टायमाला माझा बाप तालुकदाराच्या मोटारीपुढं पळायचा," ते म्हणाले. "वाट दावायला. वेठ व्हती ती. पैसा न्हाई, भाकर न्हाई. पंप कुठं व्हते तवा? तर पेट्रोलचा डबा बी बापाच्याच डोक्यावर. पुढं आम्ही धम्म घेतला, बापानं पळणं सोडलं. पर मान शेवटपत्तुर वाकडीच राहिली त्याची. मी ड्रायव्हर झालो त्या दिवशी त्यानं जीपच्या शिटावर हात फिरवून बघितला. बसला न्हाई. मला म्हनला, तू बस. अन् पेट्रोल सांडू नको."

मी शेजारच्या कुंपणातून एक काठी ओढून काढली, डब्याच्या मुठीत घातली आणि तिचं एक टोक धरलं. दुसरं त्यांनी धरलं. असे आम्ही दोघं तो डबा मधोमध झुलवत जीपपर्यंत गेलो. इतके दिवस मी ज्याला कंजूषपणा म्हणत होतो, त्याला हसल्याची मला लाज वाटली. मामांना मात्र फार वेळ गंभीर राहणं जमत नसे. टाकीत पेट्रोल ओतताना ते म्हणाले, "हे पेट्रोल काय रिपोर्टात येत न्हाई, बघा."

अहवाल पोचला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "इंजिन विशेष शांत," एवढंच मोठ्यानं म्हणाले आणि मामांकडं बघितलं. मामा छताकडं बघत होते. नवी जीप दुसऱ्या कचेरीला गेली. आमची म्हातारी आणखी दीड वर्ष त्याच खडखडाटात फिरली आणि साहेब चढावर उतरत राहिले.

मामा रिटायर झाले त्या दिवशी हार, नारळ, भाषणं सगळं झालं. मग साहेब उठून म्हणाले, "मामांना घरी मी सोडणार. चालवणार मी." मामांनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी साहेबांनी त्यांना हाताला धरून पुढच्या, साहेबांच्या जागेवर बसवलं. मी मागं बसलो. गळ्यातला हार मांडीवर घेऊन मामा अवघडून बसले होते. चावी दुसऱ्याच्या हातात असलेली त्या जीपमध्ये त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. साहेबांनी बाजारात दोनदा ब्रेक दाबला तेव्हा मामांचा पाय खालच्या पत्र्यावरून आपोआप उचलला गेला. "सांडलं," ते हळूच म्हणाले.

औसा मागं टाकल्यावर साहेब रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मामा, नांदेड खाली आहे हे मला माहीत नव्हतं, असं वाटलं होतं काय तुम्हाला?"

मामांनी मांडीवरचा हार सावरला. मी तर मागच्या मागं जीपमध्ये विरघळून जायचा प्रयत्न करत होतो.

"मंग साहेब, तुमी गप कसे राहिलात?"

"दोन वर्षांत माझी पँट चार बोटं सैल झाली. डॉक्टर गोळ्या कमी करायला लागले. नवी जीप घेऊन काय करू?" साहेब हसले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि गोदामाच्या दारात तुम्ही बसलेले मला बघवले नसते."

मामांची वस्ती एका टेकाडापलीकडं होती. चढ सुरू झाला, साहेबांनी गिअर बदलला, इंजिन कण्हायला लागलं. तेवढ्यात मामांचा हात सवयीनं दाराकडं गेला. "साहेब, हळू करा जरा. मी उतरतो. चढ हाय, जुनी गाडी हाय, मी पुढं चालतो," ते म्हणाले आणि एक पाय बाहेर काढलासुद्धा.

मला लोह्याचा रस्ता आठवला. पुढं चालणारा बाप आठवला. साहेबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी नुसता डावा हात लांब करून मामांच्या गुडघ्यावर ठेवला.

"बसा मामा. आज जळू द्या पेट्रोल."

मामांनी पाय आत घेतला. दार ओढून घेतलं. पाठ टेकवून, दोन्ही हात मांडीवरच्या हारावर ठेवून ते समोर बघत बसले. जीप ओरडत, धूर सोडत, पहिल्या गिअरमध्ये सबंध चढ चढली. त्यांची मान ताठ होती आणि गालावरून पाणी चाललं होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

आज मामा नाहीत. ती जीपही कधीच भंगारात गेली. पण माथ्यावर पोचल्यावर ते काय म्हणाले ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. खाली वस्ती दिसत होती, विहाराचा पांढरा घुमट, लिंबाखाली जमलेली माणसं. मामांनी नाक ओढलं, घसा साफ केला.

"आता बंद करा साहेब. पुढं उतार हाय."

साहेबांनी चावी फिरवली. सगळं शांत झालं, इंजिन विशेष शांत झालं. जीप आपल्या मनानं खाली निघाली, विहारावरून, लिंबाखालच्या माणसांपुढून, पोरं बाजूनं पळत असताना. साहेबांचा पाय ब्रेककडं वळला तसे मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, गरज न्हाई." साहेबांनी पाय काढून घेतला. जीप हळू होत, हळू होत एका दारासमोर येऊन थांबली. ते मामांच्या घराचं दार होतं.